रिकाम्या हातानं तळ्यावर

हातात टमरेल असलेल्या बाईला कुणी कुठं चाललीस म्हणून विचारत नाही. हे शहाणपण मला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आलं आणि पुढं कितीतरी दिवस मी त्याच्या जिवावर राणीसारखी जगले.

ज्यांचा जन्मच फरशीच्या संडासाच्या काळातला आहे त्यांच्यासाठी सांगते. टमरेल म्हणजे परसाकडं जाताना पाणी न्यायचा डबा. आमचं टमरेल वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याचं होतं, वरून तारेची कडी लावलेली. ते हातात घेऊन बाई निघाली की पारावरची पुरुषमाणसं खोकायची, माना फिरवायची, कुणी बिडी पेटवायला खाली वाकायचं. पाटील असो की तलाठी, त्या डब्यापुढं सगळ्यांची नजर जमिनीला लागायची. डोक्यावरच्या पदराला जे कधी जमलं नाही ते पत्र्याच्या त्या डब्याला जमायचं.

आणि मी त्या डब्याच्या आडून पाखरं बघत होते.

माझं माहेर नांदेडकडचं, अर्धापूरच्या केळीच्या मुलखातलं. बागेला पाणी सोडलं की बगळे पाण्याच्या मागंमागं चालायचे, जणू तेच बागवान. पाखरांकडं वेगळं बघावं लागतं हे मला तिथं माहीत नव्हतं. ती असायचीच, जशी केळीची पानं असायची. सासर मिळालं मुरुडच्या अलीकडं. मी आले तेव्हा ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि चुलीपुढून न हलता मी जिल्हा बदलला. गावात पेढे वाटले. पेढे आले, पण त्या साली पाऊस काही आला नाही, आणि पुढच्या सालीही नुसतं तोंड दाखवून गेला.

त्या वेळची मी म्हणजे एक नमुना होते. दहावी झालेली, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री. वेणी इतकी तेल चोपडून घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या आणि सदान्‌कदा चकित झाल्यासारखी दिसायची. ती पोरगी आज मला भेटली तर आधी पाठीत एक धपाटा घालीन, मग चहा पाजीन.

घरात सासू, सासरे, आमचे हे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजींचं किराणा दुकान होतं. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती आणि मग गादीवर बसले की दुपारपर्यंत हलायचे नाहीत. सुनेशी सरळ बोलायची त्या घरात रीत नव्हती. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते ओसरीवरच्या खांबाला सांगायचे. "आज जेवायला उशीर दिसतोय," असं खांबाला म्हणायचे आणि मी ताट वाढायची. तो खांब माझ्याइतकाच त्या घरची सून होता.

गावातल्या बायका उजाडायच्या आत घोळक्यानं जायच्या. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, हे सगळं त्या अंधारात वाटून व्हायचं. एकदा माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो काढत बसले तोवर बायका पुढं निघून गेल्या. लंगडत परत यायला मला तळ्याच्या बांधावरची वाट जवळ वाटली. तिथं पोचेस्तोवर उजाडलं होतं.

तळं बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर झालेलं. माझ्या त्या पहिल्या हिवाळ्यात पाणी आटत आटत मधल्या खोलगट भागात गोळा झालं होतं, परातीच्या बुडाशी उरलेल्या आमटीसारखं. चहूकडं चिखल, वरून भेगा पडलेला, आतून ओला. आणि त्या चिखलात, त्या एवढ्याशा पाण्यात, मुलखातली सगळी पाखरं येऊन उतरली होती. आजूबाजूची डबकी, ओढे, विहिरी कोरड्या पडल्या म्हणून ती इथं आली होती, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच दिसलं की आमच्या फुटक्या तळ्यावर लग्नाचं वऱ्हाड उतरलंय.

मी टमरेल खाली ठेवलं आणि बांधावर बसले. कुणी आवाज करत नव्हतं. म्हणजे पाखरं करत होती, पण त्या आवाजाला गोंगाट म्हणवत नाही. चिखलातून बुडबुडा फुटावा तसा एखादा आवाज, मग लांब कुठंतरी शीळ, मग पुन्हा गप्प. पाण्यावर ऊन यायच्या आधी थोडा वेळ असा असतो की पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं दिसतं आणि पाखरं मध्येच टांगल्यासारखी वाटतात. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही सांगत नव्हतं आणि माझ्याकडून कुणाला काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागं राहिले. तिसऱ्या दिवशी काट्याचं निमित्तही सांगितलं नाही.

नावं मला कुठं ठाऊक होती! आता नातीनं पुस्तक आणून दिलंय, त्यात सगळी नावं आहेत. तेव्हा मीच बारसं करायची. काठाला मातीच्या रंगाचा होऊन न हलता न डुलता बसलेला, आणि समोर काही आलं की पटकन मान लांबवणारा, तो मामंजी. पुस्तक त्याला वंचक म्हणतं; दोन्ही नावं बरोबर आहेत, एवढंच बोलते. बारक्या कोंबडीएवढी एक टिबुकली होती. बघता बघता बुडी मारायची आणि भलतीकडंच डोकं वर काढायची. ते आमचे हे. घरातलं काम सांगितलं रे सांगितलं की असेच बुडायचे. गुलाबी काटक्यांसारख्या लांब पायांच्या शेकाट्या म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई, वर्गात रांगांमधून फिरणाऱ्या. चपट्या चोचीचे पांढरे चमचे पाण्यात चोच घालून डावीउजवीकडं अशी फिरवायचे की पिठलं बुडाला लागू नये म्हणून ढवळतायत असं वाटावं. आणि एका बदकाच्या चोचीच्या टोकाला हळद लावलेली, मुळाशी कुंकू. खरंच. देवाशप्पथ सांगते, मला असं वाटलं की हे फक्त मलाच दिसतंय. पुढं पुस्तकात बघते तर त्याचं नावच हळदीकुंकू बदक. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी बाईच बांधावर बसून गेली असणार.

राहिली टिटवी. ती आमची शेजारीण. कुणी जरा हललं की साऱ्या मुलखाला ओरडून सांगायची.

आता त्या शहाण्या पोरीचे प्रताप ऐका. पाखरं जवळ यावीत म्हणून तिनं पहिल्या आठवड्यात ओच्यात ज्वारीच्या लाह्या नेल्या आणि कोंबड्यांना बोलवावं तसं "या, या" करत चमच्यांपुढं फेकल्या. सगळं तळं उडालं. लाह्या कावळ्यांनी खाल्ल्या. मग तिला वाटलं आपण लपायला पाहिजे, म्हणून ती बाभळीच्या झुडपात शिरली. अंगावर पोपटी लुगडं, लग्नातलं, त्यावर लाल काठ. त्या उघड्याबोडक्या माळावर ते लुगडं कोसभरावरून दिसत असणार. बाहेर येताना पदर काट्यात अडकला आणि टर्रकन फाटला. मग तिच्या ध्यानात आलं की उन्हात टमरेल चमकतं आणि पाखरं बिचकतात. घरी येऊन तिनं टमरेल चुलीच्या काजळीनं काळं केलं. मग हात काळे, लुगडं काळं, आणि आत्याबाई विचारतायत, "अगं टमरेलाला नजर लागायलीय का?"

पण ती शिकली. काही दिवसांनी मळकं लुगडं नेसून गुडघ्यावर हनुवटी टेकून बसायला लागली, श्वाससुद्धा हळू घ्यायला लागली. शेकाट्या चार हातांवरून जायच्या. एवढं मात्र मी तिला मानते.

भानगड एकच होती. परसाकडं जाऊन यायला बाईला किती वेळ लागतो, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मी ऊन अंगावर आल्यावर घरी यायची.

"काय गं, आज बी उशीर?" आत्याबाईंनी एकदा विचारलं.

मी मान खाली घातली.

"पोट साफ होईना का?"

मी मान आणखी खाली घातली. मी खोटं काही बोलले नाही, फक्त मान घातली. बाकीचं आत्याबाईंनी आपल्या मनानं पुरं केलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोटावर इलाज सुरू झाले. आधी ओवा आणि काळं मीठ. त्यानं उशीर काही कमी झाला नाही, म्हणून एरंडेल. एरंडेल प्याल्यावर खरीच पळायची वेळ आली. त्या दिवशी तळ्यावर एकही पाखरू बघून झालं नाही. मग उलट्या टोकाचा इलाज, डाळिंबाच्या सालीचा काढा. त्यानं गाडी अशी अडली की मला दोन्ही कामांना वेळ पुरेना. बिचाऱ्या आत्याबाई माझ्याआधी उठून तो काढा उकळायच्या. पिण्याचं पाणी लांबच्या आडावरून आणायचे दिवस, आणि त्यातलं पेलाभर पाणी त्या माझ्या पोटासाठी रोज चुलीवर ठेवायच्या. मी डोळे मिटून तो पेला रिकामा करायची आणि टमरेल उचलायची. कडू होता, पण तळ्याच्या भाड्यापोटी मला तो परवडत होता.

तेवढ्यात आमच्या ह्यांना लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत चिकटायला मिळालं. रोज सकाळच्या एसटीनं जायचे. नवा जिल्हा, नवे साहेब, नवी टेबलं. घरी आले की एकच पालुपद, "आमच्या साहेबांकडं असं असतं, आमच्या साहेबांकडं तसं असतं." असंच एकदा जेवताना साहेबांकडच्या संडासावर गाडी आली. मामंजी खांबाला म्हणाले, "सुनेला पोटाचा तरास. आन् तिला रोज माळावर पाठवायचं? शोभत न्हाई. पायखाना बांधून घेऊ."

वाढता वाढता माझ्या हातनं आमटी ताटाबाहेर सांडली.

त्या काळी सासऱ्यानं सुनेसाठी संडास बांधणं म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. दागिना केला असता तर एवढं नवल झालं नसतं. आमच्या आळीत तो पहिलाच. येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतपूजेची वेळ अमावस्या, आली; त्या साली शेतात काही नव्हतं, तरी रीत म्हणून कोरड्या रानात जाऊन भज्जी-भाकरी खाऊन आलो आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या अंगणात खड्डा खणायला सुरुवात झाली. पांढरं भांडं लातूरहून आलं, पोत्यात गुंडाळून, एसटीच्या टपावर. आमचे हे सांगत होते की वाटेत प्रत्येक फाट्यावर लोकांनी विचारलं, देव कोणता आणलाय. गिलावा वाळल्यावर आत्याबाईंनी पत्र्याच्या दाराला हळदकुंकू लावलं. मामंजींनी उदबत्ती लावली. आळीतल्या बायका ओळीनं येऊन आत डोकावून गेल्या. आमची शेजारीण, तीच टिटवी, मोठ्यानं म्हणाली, "नशीबवान हायस बया! सासऱ्यानं पोटासाठी पायखाना बांधला. आमच्या पोटाला कोण विचारतंय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. आणि हसता हसता मला कळलं की उद्यापासून माझं तळं बंद.

संडासाच्या विरोधात मी नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. बायकांना अंधारात, पावसात, अवघडलेल्या पोटानं माळावर जावं लागणं यात काही मौज नव्हती. ज्या सकाळी मी मजेत गेले त्याच सकाळी दुसऱ्या कितीजणी जीव मुठीत धरून गेल्या असतील. तो संडास चांगला होता. फक्त माझ्या आणि तळ्याच्या मध्ये बांधला होता.

पहिला मान माझा. आत गेले, कडी लावली, बसले. वर पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हवेसाठी बोटभर फट ठेवली होती. तिच्यातून आभाळाची एक पट्टी दिसायची. रोज सकाळी त्या पट्टीतून काहीतरी भुर्रकन जायचं आणि काय गेलं ते मला कळायचं नाही. आवाज ऐकू यायचे, तळ्याकडून, लांबून. पाणी झपाट्यानं आटत होतं हे मला ठाऊक होतं. उन्हाळा तोंडावर आलेला, पाखरं आज आहेत, उद्या नसतील. आणि मी पांढऱ्या भांड्यावर बसून पत्र्याचे खिळे बघत होते. शिवाय माळावर टमरेलभर पाण्यात भागायचं, इथं बादली लागायची. ती बादली आडावरून कोण आणणार? ज्या बाईसाठी संडास बांधला तीच. माझी उरलीसुरली सकाळ आडावरच्या रांगेत गेली.

मग त्या हुशार पोरीनं डोकं चालवलं. आत्याबाईंना म्हणाली, "मला आत बसून होतच न्हाई. मोकळी सवय हाय."

तिला वाटलं, आता म्हणतील, जा बाई माळावर. आत्याबाईंनी रविवारी, सगळे घरात असताना, मुरुडहून वैद्यबुवांना बोलावलं.

वैद्यबुवा म्हातारे, कमी बोलणारे. नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "हिच्या पोटाला काही झालेलं नाही. असं पोट शंभरात एखाद्याचं असतं."

त्यांना चहा दिला, ते गेले. ओसरीवर रिकामी कपबशी तेवढी उरली. मग आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मग इतके दिवस ही ऊन येईस्तोवर कुठं जायली?"

आता गोष्ट पोटाची राहिली नव्हती. तरणी सून रोज पहाटे एकटी माळावर जाते, उशिरा येते, आणि तिला आजार नाही. याचा अर्थ गावात एकच काढला जातो. आमच्या ह्यांनी उठून रस्त्याकडचं दार लावून घेतलं. मामंजी खांबाकडं बघत होते, पण खांबाला काही विचारत नव्हते.

मी म्हणाले, "तळ्यावर जायची."

"कुणाबरोबर?" आमचे हे.

"एकटी. पाखरं बघायला."

"पाखरं?" आत्याबाई जागेवरून उठल्या. "शिव शिव शिव! धरून खायलीस का काय?"

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. त्यांच्या मनात यारापेक्षा हे वाईट आलं असावं.

"न्हाई ओ आत्याबाई. नुसती बघते."

"नुसती?"

"नुसती."

"बगून काय होतंय?"

"काही होत न्हाई."

या उत्तरानं घर जेवढं हादरलं तेवढं कशानं हादरलं नसतं. नवस आहे म्हणाले असते, पोर व्हावं म्हणून कुणी सांगितलंय म्हणाले असते, तर चाललं असतं. तळ्याच्या मातीनं अंग उजळतं म्हणाले असते तरी चाललं असतं. बाई एक तास कुठंतरी जाते आणि त्यातून काहीही होत नाही, हे कुणाच्या पचनी पडेना. पण मला दुसरं काही सांगायचं नव्हतं. मान खाली घालून घालून माझी मान दुखायला लागली होती.

आमचे हे हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "उद्या ऑफिसात कुणी विचारलं, तुमच्या मंडळी काय करतात, तर काय सांगू? चिमण्या मोजतात?"

"तिथं चिमण्या नसतात," मी म्हणाले.

आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "त्या तळ्याची माती मी ह्या डोक्यावर वाहिलीय. दुकानात इकायला माल न्हवता बहात्तरला, तवा पाट्या उचलल्या. दिवसभर. येकदा बी मान वर करून आभाळ बगितलं न्हाई. आन् तू तिथं पाय पसरून बसतीस, बगत?"

त्या बरोबरच बोलत होत्या, हे मला आज कळतं. पण ती पोरगी दहावी झालेली होती. ती म्हणाली, "मग आता तुम्ही बी चला."

आत्याबाई आत निघून गेल्या. भांडी आपटल्याचा आवाज आला. मग आतूनच, "आन् मी उकळून दिलेला काढा गं? वतून द्यायचीस?"

"न्हाई. प्यायची."

"सगळा?"

"सगळा."

आतून आणखी एक पातेलं आपटलं. मग फक्त, "बेशरम."

मामंजींनी घसा खाकरला. खांबाकडं बघत म्हणाले, "जायचं आसंल तर जाऊ दे. पण टमरेल घेऊन जाऊ दे. हातात टमरेल आसलं की कुनाचं तोंड उगडत न्हाई. घराची अब्रू ऱ्हाती."

आता मी म्हातारी झाले, दोन सुना आणल्या, आणि मला कळतं की तो किती मोठा माणूस होता. त्या काळात, त्या आळीत, गादीवरच्या किराणा दुकानदारानं सुनेला एवढं देणं सोपं नव्हतं. आमच्या ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आतून भांड्यांचा आवाजही थांबला. सगळ्यांचं ठरलं. मला तळं मिळालं होतं, पहिल्यासारखंच, फक्त डबा हातात धरायचा.

आणि ती मूर्ख पोरगी म्हणाली, "न्हाई."

तिच्यावर मी एवढं हसते, पण या एका 'न्हाई'साठी तिच्या पायाशी बसायला मी तयार आहे.

"काय न्हाई?" आमचे हे.

"टमरेल नेणार न्हाई. माझं पोट बरंय, वैद्यबुवा सांगून गेले. मग ते बिघडलंय म्हणून गावभर दाखवत कशाला हिंडू? मला जायचंय पाखरं बघायला, तर पाखरं बघायला म्हणूनच जाणार." आणि मग तिच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, ती खांबाकडं वळली आणि खांबालाच म्हणाली, "घरात पायखाना असताना सून टमरेल घेऊन माळावर निघाली, तर लोक म्हणतील की सासऱ्यानं बांधलेला चालत न्हाई."

मामंजींनी पहिल्यांदा खांबावरची नजर काढली आणि थेट माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं. मग उठून दुकानात गेले.

सकाळी मी निघाले तेव्हा दारात आत्याबाई भरलेलं टमरेल घेऊन उभ्या. "घे. माझं ऐक. तुला ठावं न्हाई गाव कसं बगतंय ते."

"ठावं हाय."

"घे म्हनते ना."

मी घेतलं नाही. त्यांच्या बाजूनं निघाले.

रिकाम्या हातांचं काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. बाई घराबाहेर पडते ती हातात घागर, टोपली, पोर नाहीतर डबा घेऊन. माझे दोन्ही हात नुसते लोंबत होते, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. पारावर कुणी खोकलं नाही. कुणी बिडी पेटवायला वाकलं नाही. सगळ्यांनी माना वर करून नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. आत्याबाई म्हणत होत्या ते हेच. मी राणीसारखं चालायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात चालले चोरासारखी. पण गावाच्या मधून चालले.

"कुनीकडं वैनी, सकाळच्याला?" एकानं विचारलंच.

"तळ्यावर."

"काय काम काडलं?"

"काम न्हाई. पाखरं बघायची."

मागं हशा झाला. कुणीतरी टिटवीसारखा आवाज काढला. चांगला काढला होता, अगदी हुबेहूब. मी मागं वळले नाही.

तळ्यावर पोचले तर पाणी नव्हतं. मधल्या खोलगटात हिरव्या गाळाचा एक डाग, घोंगडीएवढा. चमचे गेले होते, शेकाट्या गेल्या होत्या, हळदीकुंकवाचं बदक गेलं होतं. काठाला मामंजीही नव्हता. चिखल वाळून त्यावर नुसते पायांचे ठसे उरले होते, एकात एक, सगळीकडं. एक टिटवी तेवढी होती आणि ती माझ्यावर ओरडत होती.

रडू आलं का? आलं. ज्याच्यासाठी एवढं भांडले ते बघायला काहीच नव्हतं. पण मागं वळून बघितलं तर पारावरचे काही रिकामटेकडे गावाच्या कडेला येऊन उभे होते, ही बया काय बघते ते बघायला. मी आत्ता उठून गेले असते तर संध्याकाळपर्यंत गावानं ठरवलं असतं की हिचं दुसरंच काहीतरी होतं. आणि खरं सांगू, लोकांचं सोडा, मलाच उठायचं नव्हतं. पाखरं असली तर बसायचं, नसली तर घरी जायचं, असं माझं कुणाशी ठरलं नव्हतं. मी बांधावर बसले. मांडी घालून, पदर खोचून, सगळ्यांना दिसेल अशी. चिखलातले ठसे बघत बसले. कोणता कुणाचा ते ओळखत बसले. टिटवी ओरडून ओरडून दमली आणि गप्प झाली. ते लोकही कंटाळून गेले. पाठीला ऊन चांगलं लागेपर्यंत मी हलले नाही.

घरी आले तेव्हा आत्याबाई चुलीपुढं होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "दिसली का पाखरं?"

"न्हाई. तळं आटलं. येक टिटवी होती."

"एवढ्यासाठी गाव हसवलंस?"

"व्हय. एवढ्यासाठी."

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग ती पालटली.

"उद्या बी जाणार?"

"उद्या बी."

"मग जायच्या आदी आडावरचं पाणी भरून ठिवत जा. माझ्यानं घागर उचलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या कितीतरी आधी उठले, पाणी भरलं आणि गेले.